चामडी क्लच पुन्हा बसवताना: नऊ आठवड्यांचा हिशेब

ही नोंद १९१४-१५ च्या सुमाराच्या एका चार सिलिंडरच्या टूरर गाडीच्या क्लचची आहे. इंजिन साडेतीन लिटरचं, क्लच शंकूच्या आकाराचा, वर चामडं. इंजिनामागे फिरणाऱ्या जड चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, हा शंकू स्प्रिंगच्या जोराने रुतून बसतो आणि पेडल दाबलं की सुटतो. गॅरेजच्या भाषेत याला ‘कोन क्लच’ म्हणतात. कोन म्हटलं की अंशांचा कोनही आठवतो, म्हणून पुढे त्या भागाला शंकूच म्हणतो. मालकांच्या इच्छेनुसार गाडीचा मेक लिहिलेला नाही. त्याने फारसं बिघडत नाही, कारण त्या काळात एकाच कंपनीच्या एकाच वर्षीच्या दोन गाड्यांतही मापं वेगळी सापडतात. खालची मापं नमुना म्हणून वाचावीत आणि आपल्या गाडीची आपण घ्यावीत.

६ जानेवारी २०२४ ला गाडी पुण्याहून दिवे घाटात नेली. दुसऱ्या वळणानंतर टॉप गिअरमध्ये इंजिनाचा आवाज चढला, पण गाडीचा वेग वाढेना. म्हणजे क्लच घसरत होता. तीच गाडी सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये सुटताना मात्र असा हिसका द्यायची की मागच्या सीटवरचा माणूस पुढे यायचा. त्यात पेडल पूर्ण दाबूनही गिअर टाकताना खरखर व्हायची. क्लच घसरतो, झटका देतो आणि नीट सुटतही नाही, अशा तिन्ही तक्रारी एकदम. पहिल्यांदा हे ऐकलं की गोंधळायला होतं, कारण घसरणारा क्लच मऊ असायला हवा आणि झटका देणारा घट्ट. चामडी क्लचमध्ये या तक्रारी एकत्र नांदू शकतात, आणि बहुतेक वेळा प्रत्येकीचं कारण वेगळं असतं. एकच दोष शोधत बसलात तर दोन महिने फुकट जातील.

घाईने चामडं बदलायला काढू नका. आम्ही ९ ते १८ जानेवारी हे दहा दिवस गाडी न उघडता घालवले आणि ते सार्थकी लागले.

पहिलं पाहायचं ते पेडलचं. हाताने दाबून पाहा, सुरुवातीला किमान २५ मिमी पेडल सैल हललं पाहिजे. आमचं ४ मिमी हलत होतं. त्याहून वाईट म्हणजे पेडलचा दांडा वर येताना पायाखालच्या फळीच्या खाचेला टेकत होता. म्हणजे पाय काढला तरी फळी क्लचला थोडा दाबून धरत होती. चामडं झिजलं की शंकू फ्लायव्हीलमध्ये आणखी आत शिरतो आणि पेडल आणखी वर येतं. हे अंतर किती असतं याचा अंदाज नसल्यामुळे लोक फसतात. आमच्या शंकूची धार, म्हणजे चामडं बसतं तो उतार, अक्षाशी साडेबारा अंशात आहे. त्याचा साइन ०.२१६. चामडं १ मिमी झिजलं तर शंकू १ भागिले ०.२१६, म्हणजे जवळपास ४.६ मिमी आत जातो. फळीची खाच कानसून मोकळी केली, दांडा दोन आटे ढिला केला, आणि घाटातली घसरण बरीच कमी झाली. खर्च शून्य.

दुसरं तेलाचं. १९१० च्या दशकातल्या बहुतेक इंजिनांत मागच्या मेन बेअरिंगला आजच्यासारखं रबरी सील नसतं. क्रँकवर एक तेल उडवणारी कड असते, ती तेल झटकून परत इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये पाठवते. चुकलेलं तेल खाली पडावं म्हणून क्लचच्या खोळीला तळाशी भोक असतं. आमचं भोक शंभर वर्षांच्या मळाने बुजलेलं होतं आणि खोळीत बोटभर काळं तेल साचलं होतं. तारेने ते मोकळं केलं. शिवाय चेंबरमध्ये तेल खुणेपेक्षा जास्त भरलं जात होतं, तेही खुणेवर आणलं. हे न करता नवं चामडं बसवलं असतं तर महिनाभरात तेही तेलाने भिजलं असतं.

मग जुन्या ड्रायव्हरांचा उपाय केला: चामडं पेट्रोलने धुवायचं आणि वर मुलतानी माती टाकायची. त्या काळच्या इंग्रजी हस्तपुस्तिकांत ‘फुलर्स अर्थ’ म्हणून जी पूड सांगितलेली असते ती हीच. पेडल खाली दाबून काठीने अडकवायचं, शंकू आणि फ्लायव्हीलमधल्या फटीत ब्रशने थोडं पेट्रोल सोडायचं, इंजिन हाताने फिरवायचं, पुसायचं, वाळू द्यायचं. मग चमचाभर पूड. बॅटरीची वायर आधी काढून ठेवा आणि पेट्रोल पूर्ण उडाल्याशिवाय इंजिन चालू करू नका. राळ मात्र कधीही टाकू नका. राळेने क्लच क्षणभर पकडतो, नंतर ती तापून वितळते आणि चामड्यावर काचेसारखा थर चढतो. मुलतानी मातीने आमची गाडी १४ किलोमीटर नीट चालली आणि पुन्हा घसरू लागली. म्हणजे वरवरचं तेल निघालं होतं, पण चामडं आतपर्यंत प्यायलं होतं. आता उघडणं भाग होतं.

इथे कागदपत्रांचं सांगतो, कारण वेळापत्रक त्याच्याशी जोडलेलं होतं. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानंतर ५० वर्षांपेक्षा जुन्या खासगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. गाडी मूळ रूपात असली पाहिजे आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीची फी ₹२०,००० आणि मुदत १० वर्षं, त्यानंतरच्या पुनर्नोंदणीला ₹५,०००. नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, आधी नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला अशी गाडी चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, देखभाल अशा ठरावीक कामांपुरतीच ती रस्त्यावर येते. आमच्या गाडीची जुनी आरसी आणि विमा चालू होता. मालकांनी फॉर्म २० (नोंदणीचा अर्ज), विमा आणि जुनी आरसी जोडून २ फेब्रुवारीला पोर्टलवर अर्ज भरला. क्लचचं नाव नियमात घेतलेलं नाही. तरी आधुनिक प्लेट क्लच बसवायचा तर फ्लायव्हीलला नवी भोकं पाडावी लागली असती, गिअरबॉक्सचा शाफ्ट बदलावा लागला असता, आणि ते परत फिरवता आलं नसतं. म्हणून चामडंच. कागद सांभाळणाऱ्यांसाठी एक सूचना: काम सुरू करण्याआधी इंजिन नंबर, चासी नंबर आणि गाडीच्या चारही बाजूंचे फोटो तारखेसह काढून ठेवा. गाडी अर्धी उघडी असताना कोणी विचारलं तर तेवढंच हातात असतं.

२० ते २२ जानेवारी गाडी उघडण्यात गेले. फळ्या काढल्या, क्लच आणि गिअरबॉक्समधला जोड सोडवला, गिअरबॉक्स ११० मिमी मागे सरकवला. प्रत्येक भागावर फ्लायव्हीलच्या संदर्भात पंचाने खूण केली. शंकू, जोड, फ्लायव्हील आणि क्रँक जसे होते तसेच परत बसले पाहिजेत, नाहीतर तोल जातो. मधली स्प्रिंग दाबलेली असते, आमची ९५ किलोच्या आसपास जोर लावते. तिचा नट नुसता सोडवला तर ती छातीवर येते. १० मिमीचे तीन लांब आट्याचे दांडे आणि एक जाड पट्टी घेऊन ती आधी बांधली, मग नट काढला, मग तिन्ही दांडे पाळीपाळीने एकेक आटा सोडले. यात अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्यावा.

स्प्रिंग काढल्यावरही शंकू बाहेर पडला नाही. घाबरू नका. घर्षणाचा गुणांक ०.२५ धरला तर १४ अंशांपेक्षा कमी धारेचा शंकू आपणहून सुटत नाही, लाकडी हातोडीने मागून हलका ठोका द्यावा लागतो. हाच या रचनेचा गुण आणि हाच दोष. धारेचा कोन जितका लहान तितकी कमी जोराच्या स्प्रिंगमध्ये जास्त पकड, आणि तितकाच शंकू अडकण्याचा धोका. म्हणून जुन्या गाड्यांत धार साधारण १० ते १३ अंशांत सापडते.

आत जे सापडलं ते असं. चामडं ६ मिमीचं ३.४ मिमी उरलेलं, वर काळी काचेसारखी पापुद्री. झीज २.६ मिमी, म्हणजे शंकू १२ मिमी पुढे गेलेला. पेडल फळीला का टेकत होतं ते इथे कळलं. २४ पैकी ५ तांब्याच्या रिव्हेटांची डोकी चामड्याच्या वर आलेली, आणि फ्लायव्हीलच्या बिडावर (ओतीव लोखंडावर) त्यांचे चर. झटका तिथून येत होता: तेलकट चामडं घसरायचं आणि मध्येच धातूवर धातू पकडायचा. चामड्याखाली सहा पट्टी-स्प्रिंगा होत्या. त्या चामड्याला सहा जागी जेमतेम मिलिमीटरभर उचलून धरतात, त्यामुळे क्लच आधी सहा ठिकाणी टेकतो आणि मग सगळा बसतो. त्यांतली एक तुटलेली, दोन चपट्या झालेल्या.

पेडल दाबूनही गिअर खरखरत होता त्याचा चामड्याशी काहीच संबंध नव्हता. शंकूच्या शाफ्टचं टोक फ्लायव्हीलच्या मध्यातल्या गनमेटलच्या बुशमध्ये, म्हणजे आधाराच्या नळीत, फिरतं. तो बुश कोरडा पडून शाफ्टला चावत होता. एका बाजूला ०.३५ मिमी खाल्लेला, दुसऱ्या बाजूला निळा पडलेला. त्यामुळे शंकू सुटला तरी बुशच त्याला इंजिनाबरोबर फिरवत राहायचा. पेडलचा दाब फिरत्या शंकूवर पोचवणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगच्या गोळ्यांवरही खड्डे होते. चामडं बदलून आम्ही थांबलो असतो तर ही खरखर तशीच राहिली असती, आणि चामड्याला दोष दिला गेला असता.

थोडं गणित करतो, कारण स्प्रिंग बदलायची की नाही ते त्यावर ठरतं. कोन क्लच जितका पीळ (टॉर्क) पेलतो तो असा: घर्षणाचा गुणांक, गुणिले स्प्रिंगचा जोर, गुणिले सरासरी त्रिज्या, भागिले धारेचा साइन. आमची सरासरी त्रिज्या १८३.५ मिमी. स्प्रिंग तपासून घेतली (₹४००): ९२ मिमी लांबीला ९५ किलो, १०४ मिमीला ८१ किलो. नवं चामडं, ९५ किलो म्हणजे सुमारे ९३० न्यूटन आणि गुणांक ०.२५ धरला तर पीळ निघतो १९७ न्यूटन-मीटर. या आकाराचं त्या काळचं इंजिन जोर लावून १५० च्या आसपास देतं. म्हणजे पुरेसा वाव आहे. आता झिजलेलं चामडं घ्या: शंकू १२ मिमी पुढे गेला, स्प्रिंग तेवढी मोकळी होऊन ८१ किलोवर आली, तेलाने गुणांक ०.१२ झाला, तर पीळ उरतो जेमतेम ८१ न्यूटन-मीटर. घाटात घसरणारच. स्प्रिंग मेलेली नव्हती, तिला नीट दाबलंच जात नव्हतं. अशा वेळी स्प्रिंगखाली वॉशर टाकून जोर वाढवण्याचा मोह होतो. तो टाळा. पेडल जड होतं, थ्रस्ट बेअरिंग लवकर जातं, आणि तेलकट चामडं तेलकटच राहतं.

२४ जानेवारीला ३४ किलोचं फ्लायव्हील आणि शंकू लेथवर गेले. परत यायला १२ दिवस लागले, कारण एवढा व्यास फिरवणारी लेथ सगळीकडे नसते आणि जिथे असते तिथे रांग असते. काम काय होतं ते नीट समजून द्यावं लागतं. आमच्या चामड्याची रुंदी ६० मिमी, फ्लायव्हीलची धार त्याहून रुंद. शंभर वर्षांत चामड्याने बिडात स्वतःपुरती वाट पाडलेली, मागच्या कडेला ०.४ मिमीची न झिजलेली कड उरलेली. नवं, जाड चामडं १२ मिमी मागे बसणार, म्हणजे नेमकं त्या कडेवर. असं झालं तर चामडं चिंचोळ्या पट्टीवर टेकतं आणि क्लच कायम झटके देतो. चामडं नवं घालूनही झटका जात नाही अशी तक्रार ऐकली की ही कड आधी पाहावी. आम्ही धार ०.५ मिमीने साफ केली. शंकू त्यामुळे २.३ मिमी आणखी आत जातो, तेवढं चालतं.

लेथच्या वरच्या स्लाइडवर साडेबारा अंशांची रेघ लावून भागत नाही. रेघेची जाडीच पाव अंश खाते. मिस्त्रींनी बारीक माप दाखवणारी डायल लावली आणि स्लाइड ५० मिमी सरकल्यावर डायल १०.८२ मिमी दाखवेल अशी बसवली. फ्लायव्हील आणि शंकू एकाच बसवणीत, स्लाइड न हलवता पाहिले. दोघांचा कोन पाव अंशाने जरी वेगळा झाला तरी चामडं एकाच कडेने टेकतं. मजुरी ₹४,५००, टेम्पोच्या दोन फेऱ्या ₹१,८००.

मधल्या काळात चामडं. वनस्पतीच्या सालीने कमावलेलं हवं. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात तसं. क्रोममध्ये कमावलेलं चामडं उष्णता जास्त सोसतं, पण ताणतं, आणि शंकूवर ताणून बसवायच्या कामात ते नको. म्हशीच्या पाठीचं, ६ मिमी जाड, गाठ किंवा डागणीची खूण नसलेलं. २५ जानेवारीला कोल्हापूरला सांगितलं, पहिला तुकडा आला तो पोटाकडचा. हाताने ओढला तर एका टोकाला जास्त लांबत होता. परत केला. ३ फेब्रुवारीला पाठीचा तुकडा आला, १,१५० बाय २८० मिमी, ₹२,६००. कॅलिपरने दर १०० मिमीला जाडी मोजली, ५.८ ते ६.३ निघाली. तेवढा फरक नंतर घासून जातो.

चामड्याऐवजी विणलेलं अस्तर का नाही, असं बरेच जण विचारतात. ते पुढे सर्रास आलं. इंग्लंडात डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ साली ब्रेकच्या ठोकळ्यांवर प्रयोग सुरू केले, त्यातून फेरोडो ही कंपनी उभी राहिली, आणि नंतर अ‍ॅसबेस्टॉसची अस्तरं ब्रेक-क्लचमध्ये आली. चामडं जळतं, हे जळत नाही. पण या शंकूखालच्या पट्टी-स्प्रिंगा चामड्याच्या लवचिकपणावर चालतात, कडक अस्तरावर त्यांना काही करता येत नाही. एक गंभीर सूचना: तुमच्या गाडीत जुनं राखाडी विणीचं अस्तर सापडलं तर ते अ‍ॅसबेस्टॉस आहे असंच धरून चाला. हवेने फुंकू नका, घासू नका. ओलं करून काढा, पिशवीत बंद करा, चांगला मास्क लावा.

आता कापणं. शंकूवरून सरळ पट्टा गुंडाळला तर एका कडेला सुरकुत्या पडतात. शंकू उलगडला की कंकणाचा तुकडा होतो, तसंच चामडं कापावं लागतं. आमच्या धातूच्या शंकूचा मोठा व्यास ३६८ मिमी. त्याची निम्मी १८४, भागिले ०.२१६४, म्हणजे ८५० मिमी त्रिज्येचा बाहेरचा कंस. रुंदी ६० वजा केली की आतला कंस ७९० मिमीचा. दोन्हींचा मध्यकोन ३६० गुणिले ०.२१६४, म्हणजे ७७.९ अंश. जमिनीवर खिळा ठोकून लाकडी पट्टीने हे कंस जाड पुठ्ठ्यावर काढले, पुठ्ठा शंकूवर गुंडाळून पाहिला, दोनदा दुरुस्त केला, मगच चामड्याला सुरी लावली. बाहेरच्या कंसाची लांबी १,१५६ मिमी येते. चामडं त्यापेक्षा १२ मिमी आखूड कापलं, कारण ते ओलं करून ताणून बसवायचं. रुंदी २ मिमी जास्त ठेवली, ती नंतर छाटली. दोन टोकांचा सांधा आडवा न ठेवता तिरका कापला.

८ फेब्रुवारीला चामडं कोमट पाण्यात बुडवलं. बुडबुडे थांबेपर्यंत, २० मिनिटं. केसाची गुळगुळीत बाजू बाहेर, मांसाची खरबरीत बाजू धातूकडे ठेवली. त्याआधी नव्या सहा पट्टी-स्प्रिंगा बसवून घेतल्या (०.८ मिमी स्प्रिंग स्टील, ₹६००). एक टोक दोन रिव्हेटांनी धरलं, दुसरं ओढून आणलं, मग समोरासमोर एकेक करत गेलो. सायकलच्या रिमचे स्पोक आवळतात तसं. सलग एका बाजूने रिव्हेट मारत गेलात तर शेवटी फुगा उरतो. रिव्हेट तांब्याचे, ४ मिमीचे, चपट्या डोक्याचे, २४ नग, फुटतील म्हणून थोडे जास्त (₹३२०). चामड्यात डोक्यासाठी ३ मिमी खोल सपाट खड्डा करायचा. आमच्याकडे सुरुवातीच्या तीन खड्ड्यांची खोली २ मिमीच झाली होती. ते रिव्हेट छिणून काढून पुन्हा केले. डोकं वर राहिलं तर दोन वर्षांनी तेच चर पुन्हा पडणार.

तीन दिवस सावलीत वाळवलं. उन्हात किंवा हीटरसमोर अजिबात नाही, चामडं आकसून रिव्हेटाशी फाटतं. मग कोमट एरंडेलाचे दोन हात, मध्ये एक दिवस. जुन्या पुस्तिकांत जनावरांच्या खुरांच्या हाडांचं तेल सांगितलेलं असतं, एरंडेलही तितकंच रूढ होतं. एरंडेल चामडं मऊ ठेवतं आणि इंजिनाच्या खनिज तेलात सहज मिसळत नाही. एरंडेल, मुलतानी माती आणि धुण्याचं पेट्रोल मिळून ₹३८०.

१४ तारखेला शंकू लेथवर हळू फिरवून लाकडी ठोकळ्यावर ६० नंबरचा कागद लावून उंचवटे घासले. फ्लायव्हीलला खडू फासून शंकू दाबून पाहिला. पहिल्यांदा निम्म्याच भागावर खडू उतरला, तिसऱ्या वेळी सांध्याजवळची बोटभर जागा सोडून सगळीकडे. तिथे थांबलो. बाकीचं चालवून बसतं.

नवा गनमेटलचा बुश टर्न करून रीमरने ०.०५ मिमी मोकळा ठेवला (₹१,४००) आणि त्यात ग्रीस भरली. थ्रस्ट बेअरिंग इंची मापाचं होतं, तसं मिळेना. ९ दिवस शोधून शेवटी जवळचं मेट्रिक घेतलं आणि बाहेरून स्लीव्ह केली (₹२,१५०). मूळ भागाला हात लावला नाही, पुढे कधी इंची मिळालं तर स्लीव्ह काढता येईल. सगळं मिळून ₹१४,१५० झाले, बाकी मजुरी आमचीच.

१७ आणि १८ फेब्रुवारीला जोडणी झाली. पेडल २५ मिमी सैल, फळीपासून दांडा २० मिमी दूर. उरला होता क्लच स्टॉप. पेडल शेवटपर्यंत दाबलं की शंकूच्या मागच्या कडेला टेकून त्याला थांबवणारी ही छोटी चामडी गादी. आमच्या गाडीत तिचा फक्त ब्रॅकेट उरला होता. उरलेल्या चामड्यातून गादी केली आणि पेडलच्या शेवटच्या २० मिमीत टेकेल अशी बसवली. ती इतकी गरजेची का, तर ११ किलोचा शंकू, आणि वजन सगळं बाहेरच्या कडेला. इंजिनापासून सुटला तरी तो भोवऱ्यासारखा फिरत राहतो आणि वरचा गिअर जाताना दात ओरडतात. कोन क्लच मागे पडला त्याचं हे मोठं कारण. द दियॉं-बुतॉं ही फ्रेंच कंपनी प्लेट क्लचकडे लवकर वळली होती. प्राध्यापक हेले-शॉ यांनी व्ही आकाराच्या खोबणीच्या अनेक प्लेटा तेलात बुडवून क्लच केला. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्येही तेलातल्या पोलादी प्लेटांचा संच आहे. पण थंडीत तेल घट्ट झालं की त्या प्लेटा चिकटतात आणि हँडल मारणाऱ्या माणसावर गाडी हळूच चालून येते. म्हणून एक मागचं चाक जॅकवर उचलून ती सुरू करायची पद्धत पडली. म्हणजे प्रत्येकाने एक अडचण सोडवून दुसरी घेतली. शंकूही लगेच गेला नाही. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टला शंकूच होता, आणि १९२१ पासून गिऱ्हाइकांना मिळू लागलेल्या तीन लिटरच्या बेंटलीलाही.

२१ फेब्रुवारीला गाडी पहिल्यांदा निघाली. सुटताना अजून थोडा हिसका होता. हे अपेक्षित आहे, घाबरून पुन्हा उघडू नका. एरंडेलाचा एक पातळ हात देऊन पेडल काठीने दाबून रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी हिसका निम्मा झाला. पहिले १०० किलोमीटर सपाट रस्ता, पेडलवर पाय टेकवून चालवणं बंद, अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणं बंद. १०० किलोमीटरला पेडल मोजलं तर सैलपणा २५ वरून ९ मिमीवर आलेला. चामडं जेमतेम ०.४ मिमी बसलं तरी शंकू २ मिमीच्या आसपास पुढे जातो, आणि दांड्याच्या आठ पटीने पेडलवर तेच १५-१६ मिमी दिसतं. एवढी एक जुळवणी करावीच लागते. ती राहून गेली की चांगलं केलेलं काम आठवड्यात जळतं.

९ मार्चला पुन्हा दिवे घाट. टॉपमध्ये वळणापर्यंत, मग डबल क्लच मारून (गिअर बदलताना पेडल दोनदा दाबून) दुसरा गिअर, आणि वरपर्यंत घसरण नाही. उतरून खोळीच्या भोकाखाली पुठ्ठा ठेवला: दहा मिनिटांत तेलाचे तीन थेंब. तेल खाली पडतंय, चामड्यावर नाही.

तपासणीची तारीख अर्जानंतर जवळपास आठ आठवड्यांनी, २७ मार्चची मिळाली. गाडी आवारात पुढे-मागे चालवून दाखवावी लागली, इंजिन आणि चासी नंबर पाहिले गेले. कामाआधीचे फोटो मागितले गेले, ते तयार होते.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर पेडल आणि सीटच्या मध्ये काठी अडकवून शंकू सुटा ठेवा. दमट हवेत चामडं बिडाला चिकटतं आणि दसऱ्याला गाडी काढायला जाल तेव्हा क्लच सुटत नाही. पंधरा दिवसांनी काठी काढून इंजिन हाताने चार फेरे फिरवायचं आणि काठी परत लावायची.